सव्वीस गेज

हुपरीत एकवीस वर्षं चांदी ओढतोय मी जंत्रीतून,
एका भोकातून दुसऱ्या बारीक भोकात,
केसाएवढी होईपर्यंत.
त्यामुळं शुद्धीवर आल्यावर पहिलं काय केलं असेल
तर जिभेनं तार मोजली.
सव्वीस गेज. स्टीलची.
पीळ एकसारखा, टोकं आत दुमडलेली.
डॉक्टर हेरवाड्यांचा हात साफ आहे,
आमच्याकडं पैंजणाच्या कामावर सहज खपले असते.

रेंदाळच्या वळणावर उसाची ट्रॉली उभी होती,
मागं लाल दिवा नव्हता.
एवढंच आठवतं.

राजारामपुरीतून घरी सोडताना
त्यांनी शालनच्या हातात एक कटर दिला.
"उलटी आली, श्वास कोंडला,
तर ह्या चार तारा. इथं, इथं, इथं, इथं."
तिनं तो उशाशी खिळ्याला टांगला.
रात्री मला जाग यायची तेव्हा ती जागीच असायची,
कटरकडं बघत.
मी आयुष्यभर तारा तोडल्या, कधी मोजल्या नाहीत.
तिला ह्या चार पाठ करायच्या होत्या.

सहा आठवडे नळी.
नाचणीची आंबील, मुगाचं कढण,
रविवारी पांढरा रस्सा, फडक्यातून दोनदा गाळलेला,
तरी खसखशीचा एखादा कण निसटायचा
आणि तारेमागं जाऊन बसायचा दिवसभर.
तांबडा रस्सा शेजारच्या घरात.
त्याचा वास खिडकीतून यायचा,
तो तेवढा चावावा लागत नव्हता.
नऊ किलो गेले.
पट्ट्याला मी गरम सळईनं भोक पाडलं,
मग त्याच्या आत आणखी एक,
आणि लक्षात आलं,
आता मलाच कुणीतरी जंत्रीतून ओढतंय.

भूपालअण्णांचा फोन आला पेढीवरून.
बोललो दात न उघडता.
"अरे, एवढा रागानं का बोलालास?"
मी म्हणत होतो, बरा आहे.

तारा निघाल्या त्या दिवशी वाटलं,
दार उघडावं तसं तोंड उघडेल.
उघडलं एक बोट.
मग आईस्क्रीमच्या काड्या.
एकावर एक रचायच्या, दातांत धरायच्या, थांबायचं.
ईश्वरीनं शाळेतल्या मैत्रिणींकडून गोळा केल्या,
काहींवर अजून आंब्याचा रंग.
पाच. सात. आठवीला डोळ्यांतून पाणी.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी
ती काड्यांचा आकडा लिहायची.
एका मंगळवारी दूध दीड लिटर, बाप नऊ.

दहीभात. कुस्करलेलं केळ. दुधात भिजवलेली भाकरी.
जीभ विसरली होती घास इकडून तिकडं ढकलायला,
नव्या कारागिरासारखी नुसती उभी.
खालचा ओठ बधिर, अजूनही आहे,
राहीलही, म्हणाले डॉक्टर.
शीत हनुवटीला चिकटतं आणि मला कळत नाही.
ईश्वरी समोरून स्वतःच्या हनुवटीला बोट लावते,
मी पुसतो.
इचलकरंजीच्या लग्नात, पंगतीच्या त्या टोकाहून
तिनं असंच बोट लावलं.
तिच्या शेजारच्या दोन बायकांनीही
आपापल्या हनुवट्या पुसल्या.

अकराव्या आठवड्यात
शालननं ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा सोडवून
ताटात ठेवला. काही बोलली नाही.
मी एक तुकडा दाढेखाली घेतला.
कर्र.
बाहेर नाही, कानाच्या आत.
घामच फुटला. वाटलं पट्टी सुटली, हाड गेलं.
तिनं तव्यावरून मान वर केली.
"काय झालं?"
"काय न्हाई," मी म्हणालो,
"खालालोय."
तिनं भाकरी उलटली.
ती जरा जास्तच भाजली त्या बाजूनं.

कटर अजून त्याच खिळ्याला आहे.
परवा बघितलं,
दुधाची पिशवी तिनं त्यानं कापली,
धुऊन, पुसून
परत टांगला.